अडतीस हात काळा रंग

राव्नेस गावात कुणी थाप मारली की ऐकणारा म्हणतो, "विलीची सायकल!" संपलं. पुढे वाद नाही. कोळ्याने सांगितलं की माणसाएवढा कॉड मासा हातातून निसटला, विलीची सायकल. नगरपालिकेने सांगितलं की धक्क्याचं काम वसंतापर्यंत पुरं होईल, विलीची सायकल. आमच्याकडे माणसाला तोंडावर खोटारडा म्हणणं असभ्य समजतात, त्यामुळे ही म्हण फार उपयोगाची आहे.

म्हणीतला विली अजून जिवंत आहे, ही तेवढी अडचण. विली मोगेन्सन, वय ब्याऐंशी, मुक्काम वृद्धाश्रम. रोज सकाळी एक काळी, मडगार्ड वाकलेली सायकल हाताने ढकलत तो बेकरीपर्यंत येतो, दोन पाव घेतो आणि ढकलत परत जातो. लोक त्याला प्रेमाने हात करतात आणि त्याच्या पाठीमागे तितक्याच प्रेमाने हसतात.

गोष्ट बासष्ट वर्षांपूर्वीची. विली तेव्हा गवंड्याच्या हाताखाली काम करायचा. पोटाला चिमटा काढून त्याने नवी कोरी हिरवी सायकल घेतली आणि महिन्याभरात, जूनमधल्या सांक्ट हान्सच्या होळीला ती मिरवत समुद्रावर नेली. गवताची चेटकीण जळली, गाणी झाली, गाण्यांपेक्षा जास्त बाटल्या झाल्या. परत निघताना पाहतो तर हिरवी गायब. वाळूवर उरली होती एकच, जुनी काळी. तिला आठवडाभर कुणी विचारलं नाही, तेव्हा गावच्या पोलिसाने ती विलीच्याच हातात दिली. म्हणाला, "घे बाबा, ही तुझीच. प्यायल्यावर माणसाला काळं हिरवं दिसतं." विली म्हणाला, माझी नाही, ही सहकारी भांडाराच्या मॅनेजरची आहे आणि माझी त्याच्याकडे आहे. गाव पोट धरून हसलं.

कारण मॅनेजर होते गुन्नार थोर्सागेर. गुन्नार म्हणजे प्रामाणिकपणाचं चालतंबोलतं वजनमाप. चीज कापताना उरलेला कडेचा तुकडा तोंडात टाकला म्हणून त्यांनी एका विक्रेत्या मुलीला त्याच दिवशी घरी पाठवलं होतं. शिवाय ते दारूबंदी मंडळाचे अध्यक्ष. त्यांचा फोटो आजही गावच्या सभागृहात राजाच्या शेजारी टांगलेला आहे, आणि दोघांत राजा जरा उथळ वाटतो.

त्यांचा एकुलता मुलगा रेग्नार. भूमापन खात्यातून निवृत्त झाला, पण मोजमापाची खोड निवृत्त झाली नाही. आता तो आमच्या जुन्या सायकलींच्या मंडळाचा अस्सलपणाचा परीक्षक आहे. हे पद मंडळात आधी नव्हतं. रेग्नारने ते सुचवलं, रेग्नारनेच त्यासाठी नाव दिलं, आणि विरोध करणं बरं दिसत नाही म्हणून सगळ्यांनी हात वर केले. त्या दिवसापासून लोक सायकली घासतात कमी आणि रेग्नारला घाबरतात जास्त. मंडळाचा अध्यक्ष एबे याने चार वर्षं खपून बापाची सायकल उभी केली, तारांना तारा जुळवल्या, सीटचं चामडं मेणाने जिवंत केलं. रेग्नारने भिंग लावून घंटी पाहिली आणि हिरव्या शाईने लिहिलं, "घंटी सायकलपेक्षा तीन वर्षांनी लहान. अपात्र." एबे त्यानंतर महिनाभर त्याच्याशी फक्त हवामानावर बोलला.

दोन वर्षांपूर्वी विलीही आपली काळी सायकल ढकलत मेळाव्यात आला होता. लोकांना वाटलं, आता गंमत होणार. झालीच. विली म्हणाला, "नीट बघ पोरा. ही तुझ्या बापाची आहे." रेग्नारने भिंगही काढलं नाही. "उगम संशयास्पद. मालकाचं म्हणणं विश्वासार्ह नाही. अपात्र." विलीने चिठ्ठी वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि केक खाऊन गेला.

यंदा मंडळाने नवा गट काढला होता: 'एक घर, एक सायकल'. पहिल्या दिवसापासून एकाच कुटुंबात राहिलेल्या सायकलीला पितळी पट्टी. गट काढायची सूचना रेग्नारची. बापाची सायकल त्याच्या शेडमध्ये छताला टांगलेली होती, हा निव्वळ योगायोग.

एप्रिलमध्ये त्याने ती खाली उतरवली. जॅमच्या रिकाम्या बाटल्या मांडल्या आणि प्रत्येक स्क्रू, प्रत्येक नट वेगळ्या बाटलीत ठेवून वर चिठ्ठ्या लावल्या. बापाने ही सायकल दर वर्षी मे महिन्यात स्वतःच्या हाताने काळी रंगवली होती. दुसऱ्या कुणाला ब्रश लावू दिला नव्हता. लहानपणी रेग्नार बाजूला उभा राहून ते पाहायचा आणि त्याला वाटायचं, याला म्हणतात निगा. आता त्या निगेची जाडी सांगाड्यावर बोटाला जाणवत होती. रेग्नारने बायकोचा केस वाळवायचा ड्रायर आणला, रंग गरम करून लाकडी पातीने एकेक थर उचलायला घेतला.

बायको बोडिल ही निवृत्त परिचारिका. चाळीस वर्षं लोकांच्या जखमा उघडून पाहिलेली बाई. ती दाराशी येऊन म्हणाली, "एवढं घासणं आपल्या न्हाणीघराच्या नशिबी असतं तर त्यालाही पितळी पट्टी मिळाली असती."

"हे घासणं नाही. हा इतिहास आहे."

"इतिहासाला माझ्या ड्रायरची वारंटी संपलीय म्हणून सांग."

रेग्नारने सीटखाली एक छोटी खिडकी पॉलिश पेपरने तिरकी घासली. झाडाच्या खोडात दिसतात तशी वलयं दिसायला लागली. मापाचा माणूस, मोजल्याशिवाय राहवेना. अडतीस. अडतीस हात काळा रंग, वर्षाला एक, बापाच्या मरणाच्या वर्षापर्यंत. त्याचे डोळे भरून आले. असा बाप कुणाला मिळतो, असं त्याला वाटलं.

अडतिसाव्या थराखाली हिरवा रंग होता.

आधी त्याने चष्मा पुसला. मग खिडकी मोठी केली. गडद हिरवा, त्यावर हाताने ओढलेल्या दोन बारीक सोनेरी रेघा. सीटच्या नळीवर ठोकलेला नंबर मोकळा झाला आणि नंबराअखेरचं वर्षाचं अक्षर दिसलं. आमच्याकडे सायकलला नंबर असतो, माणसाला असतो तसाच, आणि त्यावरून तिचा जन्म कळतो. ही सायकल जन्मली होती बासष्ट वर्षांपूर्वी. बापाची सायकल त्याच्या लग्नातली, हिच्याहून आठ वर्षं मोठी. दिवाणखान्यात लग्नाचा फोटो होता, त्यात गुन्नार एका हाताने बायकोला आणि दुसऱ्या हाताने सायकलला धरून उभे होते. सायकलवरची पकड अधिक घट्ट होती.

गावातल्या जुन्या सायकल दुकानदाराची विक्रीची वही मंडळाकडे आहे. तिची स्वच्छ प्रत कुणी केली? रेग्नारनेच, चार वर्षांपूर्वी, सुवाच्य अक्षरात. त्याने आपलीच वही उघडली आणि आपल्याच अक्षरात वाचलं: तोच नंबर, हिरवी, दोन सोनेरी रेघा, विली मोगेन्सन, गवंडीकाम.

लिहिताना त्याला काही वाटलं नव्हतं. वेलांटी चुकू नये एवढंच पाहिलं होतं. नाकाने कांदे सोलणाऱ्या माणसाला वासही येऊ नये, अशातली ही गत.

तो जॅमच्या बाटल्यांच्या मधोमध खाली बसला. त्याला बापाची लाज वाटली. मग बापाची लाज वाटली याची लाज वाटली. आणि मग विलीच्या खिशात घडी करून गेलेली ती हिरव्या शाईची चिठ्ठी आठवली, तेव्हा त्याला फक्त स्वतःची लाज वाटली, आणि ती सगळ्यांत जड होती. म्हणजे विलीने मेळाव्यात आणला होता तो बापाच्या लग्नातल्या सायकलचा सांगाडा, अस्सल, एकाच हातात बासष्ट वर्षं राहिलेला. आणि अस्सलपणाच्या परीक्षकाने तो भिंग न काढता हाकलून दिला होता.

फळीवर काळ्या रंगाचा डबा होता. शेजारी बापाचा ब्रश, केस अजून मऊ. रेग्नारने डबा उचलून हातात घेतला. एकच हात. एकोणचाळिसावा. कुणाला कळणार?

"रंगव ना," दारातून बोडिल म्हणाली. ती कधी आली होती कोण जाणे. तिने हिरवी खिडकी पाहिली होती, उघडी वही पाहिली होती, आणि तिला समजवायची गरज नव्हती. "घराण्याची परंपरा आहे. चांगला हात बसलाय तुमचा."

रेग्नारने डबा खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वृद्धाश्रमात गेला. विली खिडकीशी बसून राय पावावर हेरिंग मासा रचत होता.

"गुन्नारच्या पोरा, तू? कुणी मेलं का?"

"नाही."

"मग माझ्या खुर्चीचे पाय अपात्र ठरवायला आलास. बस. कॉफी पातळ आहे इथली, पण फुकट आहे."

रेग्नारने सगळं सांगितलं. भूमापकाने सांगावं तसं, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, काही न गाळता. विलीचा हेरिंग तसाच राहिला.

"गडद हिरवा?" शेवटी त्याने विचारलं.

"गडद."

"रेघा?"

"सोनेरी."

"दोन?"

"दोन."

विली खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, गाड्या लावायची जागा होती. "पन्नाशीत आलो तेव्हा मलाच शंका यायला लागली होती रे," तो हळू म्हणाला. "एवढी माणसं म्हणतात तर काळीच असेल. मीच प्यायलो असेन. एकदा रात्री उठून बसलो आणि मला हिरवा रंग आठवेना. बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, झोप आता, उद्या आठव."

रेग्नारने माफी मागितली. बापाच्या वतीने एकदा आणि स्वतःच्या वतीने दोनदा.

"बाप चोर नव्हता तुझा," विली म्हणाला. "चोर असता तर बरं होतं, विकून तरी टाकली असती. त्या दिवशी तो माझ्याच बाटलीतून प्याला. कपडे बदलायच्या खोल्यांमागे उभा राहून. म्हणाला, मोगेन्सन, दोन घोट, घशाला कोरड पडलीय. होळीसमोर दारूबंदीवर भाषण करून आला होता ना! दोन घोटांत अर्धी बाटली गेली. मग अंधारात हाताला लागली ती सायकल घेऊन निघाला."

"मग सकाळी परत का नाही आणून दिली?"

"कशी देणार? सायकल बदलली म्हणायचं, तर का बदलली ते सांगावं लागलं असतं. दोन दिवस भांडारात पायी आला. चालणं प्रकृतीला चांगलं असतं म्हणाला. तिसऱ्या दिवशी काळ्या सायकलवर. मी जवळ गेलो तर रंगाचा वास येत होता अजून." विली हसला. "प्रामाणिक माणसाची हीच पंचाईत. एकदा चुकला की त्याला जन्मभर चुकावं लागतं."

"तू चिडला नाहीस?"

"चिडलो ना. वीस वर्षं चिडलो. मग त्याचीच सायकल चालवता चालवता राग झिजला. चांगली सायकल आहे ती. तुझ्या बापापेक्षा बरी, एवढं नक्की."

रेग्नार उठला. "रविवारी मेळावा आहे. सगळ्या गावासमोर सांगतो. तुझी सायकल तुझ्या हातात देतो. यापुढे या गावात विलीची सायकल म्हणजे खरी गोष्ट, असं म्हणतील लोक."

"सांग की," विली म्हणाला, आणि हेरिंगकडे वळला. "मला तसंही रविवारी काही काम नाही."

रविवार उजाडला. सभागृहापुढच्या हिरवळीवर झेंडा चढला, कारण झेंड्याशिवाय आमच्याकडे मांजराचा वाढदिवसही होत नाही. तीन थरांचा केक आला, कॉफीची भांडी आली, छपन्न सायकली ओळीने लागल्या. रेग्नारने काळा रंग सगळा उतरवला होता. हिरवी सायकल उन्हात नुसती चमकत होती. तिच्या शेजारी त्याने विलीची जुनी काळी लावली आणि दोघींच्या मधल्या बाकावर विलीला बसवलं. मग तो केकच्या टेबलाशी उभा राहिला आणि बोलला. नंबर सांगितला, वही दाखवली, लग्नाचा फोटो फिरवला. बाप प्यायला होता हेही सांगितलं. "माझ्या वडिलांनी विलीची सायकल नेली आणि बासष्ट वर्षं विली खोटा ठरला. आणि मी त्याला हातभार लावला. ही पट्टी माझ्या घराला नको. विली खरं बोलत होता."

आधी बेकरीवाली बाई फिस्सकन हसली, आणि मग सगळेच.

"वा रेग्नार!" एबे टाळ्या वाजवत म्हणाला. "साठीनंतर का होईना, पहिला विनोद केलास! इतिवृत्तात घ्या रे."

"विनोद नाही. नंबर बघ!"

एबेने नंबर बघितला नाही. त्याने रेग्नारच्या खांद्यावर हात ठेवला, हवामानावर बोलताना ठेवायचा तसा. "दोन महिने बंद शेडमध्ये जुना रंग तापवत होतास. शिसं असतं त्यात. डोक्यात जातं. माझ्या मेव्हण्याला असंच झालं होतं, तो बोटीशी बोलायला लागला होता."

"वही आहे!"

"वही कुणी उतरवलीय? तूच ना? आणि विलीचं म्हणणं विश्वासार्ह नाही हे हिरव्या शाईत कुणी लिहिलंय? तेही तूच. आता तुझं कुठलं अक्षर खरं धरायचं आम्ही?"

"अरे, पण वडील स्वतः प्यायले होते..."

"गुन्नार?" मागून एक म्हातारी ओरडली. ही तीच चीजचा तुकडा खाणारी विक्रेती. "गुन्नार थोर्सागेर आणि दारू? लाज वाटत नाही बापाबद्दल असं बोलायला? मला कामावरून काढलं त्याने, पण देवमाणूस होता!"

मग एबेने आवाज मऊ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. "आम्हाला कळतंय रे. विली म्हातारा झाला. त्याच्या मनाला बरं वाटावं म्हणून तू स्वतःच्या बापाला चोर ठरवलंस. एवढं मोठं मन! अगदी वडिलांवर गेलायस."

टाळ्यांचा कडकडाट झाला. एक-दोघींनी डोळे पुसले. कार्यकारिणी कॉफीच्या भांड्यामागे तीन मिनिटं बसली आणि एकमताने निर्णय घेऊन उठली. 'एक घर, एक सायकल' गटाची पितळी पट्टी थोर्सागेर घराण्याला. घराण्याच्या प्रामाणिकपणाचा खास उल्लेख करून.

"पण ही अस्सल नाही!" रेग्नार किंचाळला. "रंग मी उतरवलाय! घर एक नाही! नियमाने ही अपात्र आहे!"

"आम्ही काही तुझ्याइतके कडक नाही बाबा," एबे म्हणाला, आणि पट्टी त्याच्या हातात कोंबली. बासष्ट वर्षांचं मला माहीत नाही, पण तीन वर्षांच्या घंटीचा हिशोब त्या क्षणी चुकता झाला.

रेग्नार गर्दीतून एकेकाला गाठत सुटला. नंबर वाचून दाखव, रेघ दाखव, शपथ घे. जितका जोर लावून तो सांगत होता तितक्या कणवेने लोक बोडिलकडे बघत होते. बोडिल केक खात होती. तिने एकदाच म्हटलं, "खरं बोलतोय तो," आणि सगळ्यांनी मान डोलावली. किती सांभाळून घेते बाई, असं त्यांच्या तोंडावर होतं. बेकरीवाली शेजारणीच्या कानात म्हणाली, पण कुजबुजायचं तिला कधी जमलं नाही: "बघ, रेग्नारचीही आता विलीची सायकल सुरू झाली."

ते त्याला ऐकू आलं. तो जागच्या जागी थांबला. हातात पितळी पट्टी, तोंड लाल, डोळ्यांत पाणी. खरं एवढं खरं असून कुणाच्या कानात शिरत नाही, हे त्याला सहासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा कळत होतं, आणि ते अन्यायाचं होतं, इतकं अन्यायाचं की ओरडावंसं वाटत होतं.

बाकावर विली बसला होता, दोन्ही सायकलींच्या मधे. त्याने हिरवीच्या हँडलवर हात ठेवला, अंगठ्याने घंटी एकदा वाजवून पाहिली. मग जरा बाजूला सरकला आणि शेजारची जागा थोपटली.

"बस पोरा," तो म्हणाला. "कॉफी घे, निवतेय. पहिली तीस वर्षं जरा जड जातात."